कायद्यातच ‘इंटरनेटवर सेन्सॉरशिप नाही’ असं लिहिलंय, मग मलेशियात कमेंटवरून दंड कसा होतो?

रातराणी_केएल

क्वालालंपूरमधल्या एका मराठी मंडळाचं फेसबुक पेज, त्याला जोडलेला ग्रुप (सुमारे १,८०० सदस्य) आणि यूट्यूब चॅनेल पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे येत आहे. सण, नाटकं, भाड्याच्या घरांच्या जाहिराती असंच बहुतेक असतं. तरी देवळाची किंवा निवडणुकीची बातमी कुणीतरी टाकतंच आणि खाली कमेंट वाहायला लागतात.

प्रश्न असे:

१. १९९८ च्या दळणवळण आणि मल्टिमीडिया कायद्यात इंटरनेट सेन्सॉर करता येणार नाही असं स्पष्ट वाक्य आहे म्हणतात. तरी साइट ब्लॉक होतात, लोकांवर खटले होतात. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

२. दुसऱ्याच्या कमेंटसाठी पेज चालवणारा अडकतो का? आपल्याकडे ‘ॲडमिन जबाबदार नाही’ असा निकाल आहे ना? दंड ५०,००० रिंगिटपर्यंत असतो असं कळलं.

३. सोशल मीडियाला आता परवाना लागतो. तो मंडळाच्या पेजलाही लागू आहे का?

४. प्रत्यक्षात सेटिंग काय ठेवायच्या?

---

खिळेजुळणी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापखान्यात आहे.

मलेशियात वर्तमानपत्र काढायचं तर १९८४ च्या छापखाने व प्रकाशने कायद्याखाली गृहमंत्र्यांचा परवाना लागतो. २०१२ पर्यंत तो दरवर्षी नव्याने घ्यावा लागे. त्याची धार ऑक्टोबर १९८७ मध्ये दिसली. ‘ओपरासी लालांग’ या धरपकडीत शंभराहून जास्त माणसं खटल्याशिवाय स्थानबद्ध झाली आणि तीन वर्तमानपत्रांचे परवाने एका फटक्यात गेले: इंग्रजी ‘द स्टार’, चिनी ‘सिन च्यू जित पो’ आणि मलय ‘वतन’. कारण सांगितलं गेलं वांशिक तणावाचं. तणाव होताही. चिनी शाळांवर मँडरिनचं शिक्षण न झालेले अधिकारी नेमल्यावरून दोन्ही बाजूंनी सभा होत होत्या. पण धडा तिन्ही भाषांच्या संपादकांनी घेतला आणि पुढची कित्येक वर्षं बातमी आधी स्वतःच कापायची सवय लागली. त्यात मालकीही राजकीय पक्षांच्या गोतावळ्यात: मलय ‘उतुसान’ हे अम्नो या मलय पक्षाच्या जवळचं, ‘द स्टार’ एमसीए या चिनी पक्षाकडे.

आता १९९६ कडे या. तेव्हाचे पंतप्रधान महाथीर मोहमद यांना ‘मल्टिमीडिया सुपर कॉरिडॉर’ या तंत्रज्ञान-पट्ट्यासाठी परदेशी कंपन्या हव्या होत्या. त्यांना दिलेल्या दहा हमींमध्ये एक होती, ‘इंटरनेटवर सेन्सॉरशिप असणार नाही’. हीच हमी १९९८ च्या कायद्यात कलम ३(३) म्हणून उतरली. हमी गुंतवणूकदारांसाठी होती, पण दार एकदा उघडलं की आत कोण येईल ते ठरवता येत नाही. २ सप्टेंबर १९९८ ला उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांना मंत्रिमंडळातून काढलं आणि ‘रिफॉर्मासी’ (सुधारणा) या त्यांच्या समर्थकांच्या चळवळीच्या वेबसाइटचं पीक आलं. २० नोव्हेंबर १९९९ ला ‘मलेशियाकिनी’ हे बातम्यांचं पोर्टल सुरू झालं, सार्वत्रिक निवडणुकीच्या बरोबर नऊ दिवस आधी. कागदावर छापायला परवाना हवा, वेबसाइटला नको. मलेशियात नेटवरच्या बातम्या एवढ्या फोफावल्या त्याचं मूळ या फटीत आहे. मार्च २००८ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचं दोन-तृतीयांश बहुमत गेलं आणि जेफ ऊई, टोनी पुआ यांच्यासारखे ब्लॉगर संसदेत पोचले, तेव्हा या फटीची रुंदी सगळ्यांना कळली.

एक गोष्ट मात्र ग्रुप चालवणाऱ्यांनी मनात पक्की ठेवावी. छापील जगात मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी वाचक आपापल्या वर्तमानपत्रात राहत. चिनी अग्रलेखातला टोमणा मलय वाचकापर्यंत सहसा पोचत नसे. आता स्क्रीनशॉट निघतो, फोन दोन सेकंदांत भाषांतर करतो, आणि ज्याच्यासाठी ते वाक्य लिहिलंच नव्हतं तो ते वाचतो. तुमची मराठी कमेंट ‘आपल्या आपल्यात’ नसते.

---

कलम_आणि_दौत

खिळेजुळणी यांनी सांगितलेल्या इतिहासाला कायद्याची बाजू जोडतो.

कलम ३(३) चा उपयोग एवढाच की नेटवर मजकूर टाकण्याआधी कुणाची परवानगी लागत नाही. टाकल्यानंतर काय होईल, त्यापासून ते कलम वाचवत नाही. त्याच कायद्यात पुढे कलम २३३ आहे: अश्लील, खोटा, धमकीचा किंवा अत्यंत आक्षेपार्ह मजकूर कुणाला त्रास देण्याच्या हेतूने टाकणं हा गुन्हा. तुम्ही म्हणता तो ५०,००० रिंगिटचा आकडा जुना झाला. ११ फेब्रुवारी २०२५ पासून कमाल दंड ५,००,००० रिंगिट आणि कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही. याच कलमाच्या जुन्या मसुद्यातले ‘आक्षेपार्ह’ आणि ‘त्रास देणे’ हे शब्द अपील कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. त्या निकालाचं वरच्या कोर्टात काय होतं ते पाहत राहा, त्यावर विसंबून सेटिंग मात्र सैल करू नका. याशिवाय १९४८ चा राजद्रोह कायदा आणि दंडसंहिता आहेतच.

इथे रोजच्या बोलण्यात ‘थ्री आर’ हा शब्द ऐकाल: वंश, धर्म आणि राजघराणं. या तिन्हींवर पोलिसात तक्रार कुणीही देऊ शकतो, आणि देतात.

आता दुसरा प्रश्न. महाराष्ट्रातून आलेले बहुतेक ॲडमिन इथेच चुकतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की समान हेतू असल्याशिवाय सदस्याच्या मेसेजसाठी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला दोषी धरता येणार नाही, कारण माणूस घेणं-काढणं यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही नसतं. तो निकाल भारतातला आहे. मलेशियात तो कुठेही दाखवता येणार नाही.

इथे २०१२ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४अ आलं. एखाद्या मजकुरावर मालक, संपादक किंवा ॲडमिन म्हणून तुमचं नाव दिसत असेल, तर तो तुम्हीच प्रकाशित केला असं आधी गृहीत धरलं जातं. ‘मी नाही’ हे सिद्ध करायचा भार तुमच्यावर.

हे किती लांब जातं ते पाहायला मलेशियाकिनीचाच खटला वाचावा. जून २०२० मध्ये कोर्टं पुन्हा पूर्णवेळ सुरू होणार अशी साधी बातमी होती. तिच्याखाली पाच वाचकांनी न्यायव्यवस्थेवर जहाल कमेंट टाकल्या. पोलिसांचा फोन येईपर्यंत संपादकांना त्यांचा पत्ता नव्हता, आणि कळल्यावर बारा मिनिटांत त्या काढल्या. शिव्यांचा फिल्टर होता, वाचकांना तक्रारीचं बटण होतं, नियमावली होती. तरी १९ फेब्रुवारी २०२१ ला फेडरल कोर्टाने (इथलं सर्वोच्च कोर्ट) ६ विरुद्ध १ अशा मतांनी पोर्टलला कोर्टाच्या अवमानाचा दोषी ठरवलं. सरकारी पक्षाने २,००,००० रिंगिट दंड मागितला होता, कोर्टाने ५,००,००० लावला, म्हणजे तेव्हाचे ९० लाख रुपयांच्या आसपास. मुख्य संपादक स्टीव्हन गान व्यक्तिशः दोषी ठरले नाहीत. वाचकांनी काही तासांत ती रक्कम वर्गणी करून उभी केली.

बहुमताचा मुद्दा असा होता: कमेंटची सोय तुम्ही देता, तिचा फायदा तुम्हाला होतो, तर आत काय येतं ते पाहणंही तुमचं काम, कळल्यावर काढलं एवढं पुरत नाही. मला हा निकाल फार कडक वाटतो. न्यायमूर्ती नलिनी पद्मनाथन यांचं विरोधी मत जास्त पटतं. पण पेज चालवताना बहुमताचाच निकाल समोर ठेवावा लागतो.

तिसरा प्रश्न: तुमच्या पेजला परवाना नको. १ जानेवारी २०२५ पासूनचा परवाना प्लॅटफॉर्मसाठी आहे, आणि तोही मलेशियात ८० लाख किंवा जास्त वापरकर्ते असतील तर.

---

पॅकेट_पाहरा

साइट ब्लॉक कशा होतात हे राहिलं. ते समजलं की परवाना प्लॅटफॉर्मवर का आला तेही समजतं.

सरकारचा दळणवळण आयोग त्याच १९९८ च्या कायद्याच्या कलम २६३ खाली इंटरनेट कंपन्यांना ‘गुन्हा घडू नये म्हणून मदत करा’ असं सांगतो. कंपनी आपल्या डीएनएस सर्व्हरवर (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारा सर्व्हर) त्या साइटच्या नावापुढे चुकीचा पत्ता ठेवते. तुम्ही नाव टाइप करता, उत्तरात आयोगाचं सूचनेचं पान येतं. २०१५ मध्ये १एमडीबी या सरकारी गुंतवणूक निधीतल्या घोटाळ्याच्या बातम्यांमुळे ‘सारावाक रिपोर्ट’, २०१६ मध्ये ‘द मलेशियन इनसायडर’ अशाच अडवल्या. इनसायडर त्यानंतर काही आठवड्यांत बंदच पडलं. जाहिरातदार टिकले नाहीत. डीएनएसचा अडथळा तांत्रिकदृष्ट्या कच्चा असला तरी धंद्याचं नुकसान पक्कं होतं.

कच्चा यासाठी की फोनमध्ये डीएनएस ८.८.८.८ किंवा १.१.१.१ केलं की साइट उघडते. सप्टेंबर २०२४ मध्ये आयोगाने ही वाटही बुजवायला सांगितलं: बाहेरच्या डीएनएसकडे जाणारी विचारणा कंपन्यांनी आपल्याच सर्व्हरकडे वळवावी. कारण ऑनलाइन जुगार, अश्लील साइट असं दिलं होतं. गदारोळ झाला आणि मंत्री फाहमी फादझिल यांनी ते थांबवायला लावलं.

मंडळाची स्वतःची वेबसाइट ‘उघडत नाही’ अशी तक्रार आली तर लगेच ब्लॉक समजू नका. एकाच वेळी घरच्या फायबरवर आणि मोबाइल डेटावर पाहा. मग कॉम्प्युटरवर एनएसलुकअप कमांड एकदा नेहमीच्या डीएनएसने आणि एकदा १.१.१.१ देऊन चालवा. दोन्हींत एकच पत्ता आला आणि तरी पान येत नसेल, तर दोष बहुधा होस्टिंगमध्ये किंवा संपलेल्या सुरक्षा प्रमाणपत्रात आहे. पत्ते वेगळे आले तर तो नेमका पत्ता टिपून घ्या आणि कंपनीला लेखी विचारा. मोठ्या साइट जगभर वेगवेगळे पत्ते देतात, तेव्हा नुसता फरक पुरावा नाही. सूचनेचं पान दिसलं तर पुरावा.

आता मुख्य गोष्ट. फेसबुकवरची एक पोस्ट डीएनएसने अडवता येत नाही. सगळं एकाच नावाखाली आणि एन्क्रिप्टेड. अडवायचं तर पूर्ण फेसबुक बंद करावं लागेल, आणि निम्म्या छोट्या व्यापाऱ्यांचं दुकान तिथेच आहे. म्हणून राज्याच्या हातात दोनच टोकं उरली: वर प्लॅटफॉर्म, खाली माणूस. वरच्या टोकाला ८० लाखांचा परवाना, खालच्या टोकाला २३३ आणि ११४अ.

---

बुकितकर

मी सिंगापूरबद्दल लिहितो, कारण अशा ग्रुपमध्ये सीमेपलीकडचे सदस्य असतातच आणि दोन्ही देशांचे नियम लोक एकत्र कालवतात.

सिंगापूरने वाट उलटी धरली. १९९६ पासून इंटरनेटवरच्या मजकुराला वर्ग-परवाना आपोआप लागू आहे, वेगळा अर्ज न करता. २०१३ पासून महिन्याला सिंगापूरमधले ५०,००० वेगळे वाचक आणि आठवड्याला किमान एक स्थानिक बातमी अशी सरासरी दोन महिने ठेवणाऱ्या साइटला स्वतंत्र परवाना, ५०,००० सिंगापूर डॉलरची हमी आणि सांगितलेला मजकूर २४ तासांत काढण्याचं बंधन. २ ऑक्टोबर २०१९ पासून ‘पोफ्मा’ कायदा: मंत्री एखादं विधान खोटं आहे असं ठरवून दुरुस्तीची नोटीस लावायला सांगू शकतो. बऱ्याचदा मूळ पोस्ट तशीच राहते, फक्त तिच्यासोबत ‘यात खोटं विधान आहे’ अशी ठरवून दिलेली सूचना आणि सरकारी खुलाशाचा दुवा ठेवावा लागतो. अशी नोटीस आली की घाबरून पोस्ट उडवणं हे नोटीस पाळणं नव्हे. आधी सूचना लावायची, कोर्टात जायचं तर नंतर.

---

फळीवरचा_खडू

चौथा प्रश्न. पेज आणि ग्रुप यांना वेगळं वागवा. पेज जगाला दिसतं, तिथे कडक. ग्रुप खाजगी ठेवा, पण खाजगी म्हणजे सुरक्षित नाही. १,८०० माणसांत स्क्रीनशॉट काढणारा एक तरी असतोच.

पेजवर कमेंटमधले शब्द अडवण्याची यादी असते. तिथे मराठीची खरी अडचण येते: विभक्ती. ‘देऊळ’ टाकलं म्हणून ‘देवळाला’, ‘देवळात’, ‘देवळाच्या’, ‘देवळांवर’ पकडले जातील असं धरू नका. इथे तर मूळ शब्दच बदलतो. प्रत्येक रूप वेगळं टाका. मग रोमन लिपीत लोक लिहितात ती रूपं: डब्ल्यूने आणि व्हीने, एका ए ने आणि दोन ए ने. मग हिंदी, मग मलय शब्द, कारण भांडण तापलं की सदस्य मलयमध्ये उत्तर देतात. एका संवेदनशील शब्दाच्या सहज बारा-पंधरा नोंदी होतात. यादीत अडकलेली कमेंट लपते, नष्ट होत नाही, म्हणून साधा शब्दही टाकायला हरकत नाही. नंतर तपासून सोडता येते.

कोणते विषय? देऊळ पाडणं किंवा हलवणं, धर्मांतर, ‘अल्लाह’ शब्दाचा बिगरमुस्लिमांनी केलेला वापर, गोमांस-डुकराचं मांस, सुलतान आणि राजघराणं, आणि झाकीर नाईक. शेवटचं नाव मराठी ग्रुपमध्ये हटकून येतं, कारण तो मुंबईचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोता बारूच्या भाषणात त्याने इथल्या हिंदू आणि चिनी लोकांविषयी जे म्हटलं, त्यावर पोलिसांनी त्याची जाहीर भाषणं बंद केली होती. त्यावर रागाने लिहिलेली कमेंट व्यक्तीवरून समाजावर घसरायला एक वाक्य लागतं, आणि ते दुसरं वाक्य ‘थ्री आर’मध्ये बसतं.

ग्रुपमध्ये पोस्ट मंजुरी चालू ठेवा. पण लक्षात घ्या, पोस्ट मंजूर केली म्हणजे खालच्या कमेंट मंजुरीतून जात नाहीत. मलेशियाकिनीचा घात नेमका तिथे झाला: बातमी निर्दोष, कमेंट नाही. म्हणून वरच्या यादीतला विषय असेल तर पोस्ट मंजूर करतानाच कमेंट बंद करा. नंतर करू म्हटलं की रात्रीचे दोन वाजतात.

यूट्यूबवर सगळ्या कमेंट तपासणीसाठी रोखून धरण्याचा पर्याय आहे, तो घ्या. नाटकाच्या व्हिडिओला दिवसाला चार कमेंट येतात, तेवढ्या पाहून होतात. थेट प्रक्षेपणात लाइव्ह चॅट बंदच ठेवा, किंवा त्यासाठी वेगळा माणूस बसवा. कॅमेरा सांभाळणाऱ्याकडून चॅट वाचून होत नाही.

व्हॉट्सॲपचा उपग्रुप असेल तर ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ आणि ‘नवीन सदस्य ॲडमिनच्या मंजुरीने’ ही दोन्ही चालू करा. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण तोवर ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला.

---

रातराणी_केएल

सगळ्यांचे मनापासून आभार. ५०,००० चा आकडा माझ्या डोक्यातून गेला. दोन शंका उरल्या. पेज २०१४ पासूनचं आहे, जुन्या कमेंट हजारोंनी आहेत. त्या सगळ्या पुसून टाकू का? आणि आक्षेपार्ह कमेंट काढताना स्वतःजवळ प्रत ठेवली तर तोच मजकूर आपल्याजवळ ‘सापडला’ असं होणार नाही ना?

---

कलम_आणि_दौत

प्रत ठेवाच. कलम ११४अ मुळे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर आहे, आणि कमेंट पुसली की तुमचा पुरावाही पुसला जातो. काढण्याआधी एका स्क्रीनशॉटमध्ये लिहिणाऱ्याचं नाव, वेळ आणि वरची मूळ पोस्ट येईल असं पाहा. प्रोफाइलचा आणि कमेंटचा दुवा कॉपी करा. एका साध्या तक्त्यात पाच रकाने पुरतात: कधी आली, कधी दिसली, कुणी पाहिली, कधी काढली, का काढली. ‘कधी आली’ आणि ‘कधी दिसली’ यांतलं अंतर नेहमी कमी दिसलं पाहिजे, मलेशियाकिनीच्या खटल्यात खरा वाद त्यावरच होता. ही फाइल मंडळाच्या दोन पदाधिकाऱ्यांपुरती ठेवा, ग्रुपवर कधीही टाकू नका. प्रत जवळ असणं आणि ती इतरांना पाठवणं यांत कायद्याने मोठा फरक आहे. मात्र लहान मुलांचा लैंगिक मजकूर असेल तर प्रत अजिबात ठेवू नका. तो जवळ असणं हाच गुन्हा आहे. दुवा टिपा आणि थेट पोलिसांना कळवा.

पोलिसांचा किंवा आयोगाचा फोन आला की त्यानंतर काहीही पुसू नका. आधी वकिलाशी बोला, मग त्यांच्या सांगण्यावरून पेज लपवा.

---

फळीवरचा_खडू

जुन्या कमेंटसाठी सरसकट पुसापुशी नको, दोन-चार वर्षांच्या घरभाड्याच्या चौकशाही त्यात जातील. पेजच्या शोधात वरच्या यादीतला एकेक शब्द टाका. ज्या पोस्टखाली तो सापडेल ती पूर्ण पोस्टच आधी लपवा, मग सावकाश वाचा. निवडणुकीच्या आसपासचे महिने प्रथम घ्या: मे २०१८ आणि नोव्हेंबर २०२२. नोव्हेंबर २०१८ ही पाहा, तेव्हा सुबांगजवळच्या सीफिल्ड देवळावरून दंगल झाली होती आणि भारतीयांच्या बहुतेक ग्रुपवर त्याच्या फोटोंखाली जे लिहिलं गेलं ते आजही तसंच पडलेलं असतं. दोघांनी रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत हे संपतं. तोवर पेजवर कमेंट फक्त फॉलोअर्सना करता येतील असं ठेवा.